पडद्यापलीकडच्या खोलीत आणखी कोण आहे? (ऑनलाइन तपासणी, लहान मुलं आणि परावलंबी माणसं)

बालदवाखाना

मी बालरोगतज्ज्ञ. नाशिकला दवाखाना आहे आणि संध्याकाळी काही वेळ ऑनलाइन पेशंटही बघतो. त्यामुळे ऑनलाइन तपासणीला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. सुरगाण्याच्या आईबापाला साध्या सर्दीतापासाठी दिवसाची मजुरी बुडवून नाशिक गाठावं लागत नाही, हे चांगलंच आहे. मला वेगळंच काही बोलायचंय.

दवाखान्यात मूल टेबलावर चढायच्या आधीच बरंच काही कळलेलं असतं. वजन करताना सिस्टर कपडे काढायला सांगते तेव्हा पाठीवरचा वळ दिसतो. मूल कुणाच्या कडेवर शांत बसतं आणि कुणाकडे जायला अंग चोरतं, ते दिसतं. बाहेर बाकड्यावर बाप आईला काय बोलला ते मावशी आत येऊन हळूच सांगते. यातलं काही केसपेपरवर येत नाही, पण शंका बहुतेक वेळा इथूनच येते. व्हिडिओवर मात्र मोबाइल धरणारा दाखवेल तेवढंच मूल मला दिसतं.

नियम काय म्हणतो? आपल्याकडची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. त्यात अज्ञान, म्हणजे कायद्यानं सज्ञान न झालेल्या, मुलाबद्दल स्पष्ट आहे: मूल एकटं असेल तर तपासायचं नाही. सोबत मोठं माणूस हवं आणि त्या माणसाची ओळख डॉक्टरनं पटवून घ्यायला हवी. नियम बरोबरच आहे, पण त्यात गृहीत धरलंय की सोबतचं मोठं माणूस मुलाची काळजी घेणारंच असणार. बहुतेक वेळा असतंच. पण पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) बहुतेक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी सांगतात. म्हणजे ज्याचं आधार कार्ड बघून मी तपासणी सुरू करतो, मूल त्यालाच घाबरत असेल तर? नियम पाळून मी त्या मुलाचं तोंड बंद केलं, असं होतं.

आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. स्मृतिभ्रंश झालेले आजीआजोबा, गतिमंद मुलगी, अंथरुणाला खिळलेला भाऊ, यांच्या वतीनं कुणीतरी बोलत असतं. ऐकून घेणारा डॉक्टर त्या बोलणाऱ्यावर विसंबून चिठ्ठी लिहीत असतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. सगळ्यात आधी विचारतो, "आत्ता या क्षणी तुम्ही कुठे बसला आहात?" फॉर्मवर पत्ता पुण्याचा असतो आणि पोरगं लातूरला मामाकडे असतं. मध्येच काही झालं तर मी मदत पाठवू कुठे? मग खोलीत कोण कोण आहे ते विचारतो. पहिला प्रश्न मुलाला. मूल दहाअकराच्या पुढचं असेल तर पाच मिनिटं मोठ्यांनी बाहेर थांबायचं. हे सरसकट सगळ्यांना सांगतो, म्हणजे कुणाला आपल्यावरच संशय घेतला असं वाटत नाही. तान्ह्या बाळाला अंगभर बघायचं, फक्त पुरळ आहे तिथे नाही. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं असेल, किंवा चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर असेल, तर "पडलं" या उत्तरावर थांबायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं. रांगायलाही न लागलेलं बाळ पडणार कुठून? अशा वेळी ऑनलाइन तिथेच थांबवतो आणि आजच्या आज प्रत्यक्ष दाखवा म्हणतो.

इतरांचे अनुभव हवेत. डॉक्टरांचेच असं नाही.

सातारी_कंदी

डॉक्टर, राग मानू नका, पण हे जरा जास्तच होतंय. रात्री अकराला पोराला १०३ ताप, नवरा टूरवर, आणि समोरचा माणूस आधी खोलीत कोण कोण आहे ते विचारतोय! मी तर फोन ठेवला असता. आधीच आयांना प्रत्येक गोष्टीचा जाब द्यावा लागतो. मूल बारीक का, मूल उशिरा का बोलतंय, आणि आता हे.

बालदवाखाना

@सातारी_कंदी, राग कसला. १०३ तापाला मी आधी तापच बघेन. मूल पाणी पितंय का, लघवी झाली का, मान कडक आहे का, श्वास कसा चाललाय. बाकीचं नंतर, एका वाक्यात. पण विचारेन नक्की. आणि एक बघितलंय, ज्यांच्या घरात काहीच नाही ती माणसं "आई आहे, आजी आहे, मांजर आहे" म्हणून हसून मोकळी होतात.

चिमटा

आमच्या वन बीएचकेत पेशंटला एकांत द्यायचा तर उरलेल्या पाच जणांना जिन्यात उभं करावं लागेल. तिथून शेजारच्या काकूंना सगळं ऐकू जाईल ते वेगळंच.

मेडिकलवाला_सांगली

काउंटरच्या या बाजूनं सांगतो. आमच्याकडे आता मोबाइलवर पीडीएफ दाखवून औषध मागतात. चिठ्ठी खरी की खोटी, कुणाची, किती वेळा वापरली, काही कळत नाही. पंधरासोळा वर्षांचं पोरगं येतं, चिठ्ठीवर नाव ५२ वर्षांच्या माणसाचं, आणि औषध झोपेचं नाहीतर ट्रॅमाडॉल, म्हणजे कडक वेदनाशामक. म्हणे वडिलांचं आहे. असेलही. ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे आम्हाला वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं हे लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. पण माझं रजिस्टर माझ्या दुकानात आणि समोरच्याचं त्याच्या. तीच पीडीएफ दिवसात चार मेडिकलमध्ये फिरली तर अडवणार कोण? ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ सालात निघाला आणि पुढे वर्षानुवर्षं पडून राहिला.

एक चांगलं आहे. शेड्यूल एक्समधलं औषध ऑनलाइन तपासणीवर लिहिताच येत नाही. चंचल मुलांना देतात ते मिथाइलफेनिडेट त्यातच येतं. त्याला कागदावरची चिठ्ठी लागते, दोन प्रतींत, आणि एक प्रत आम्ही दोन वर्षं ठेवतो. पालक वैतागतात, पण मला ते बरं वाटतं.

डॉक्टर लोकांना एक विनंती, विषय थोडा बाजूचा आहे. लहान मुलाच्या ऑनलाइन चिठ्ठीवर वजन लिहा हो. आणि "पॅरासिटामॉल ५ मिली" एवढंच लिहू नका. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, साध्या सिरपात पाच मिलीत १२५. मिलीमागे चौपट फरक. आई घरात असलेलीच बाटली वापरणार ना.

लीड्सकर

मी इकडे इंग्लंडात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे, मूळ कोल्हापूरचा. इथे या विषयाला सेफगार्डिंग म्हणतात आणि त्याचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यात पायऱ्या आहेत. रिसेप्शनवरच्या माणसालाही पहिली पायरी करावी लागते, आम्हाला तिसरी. मूल असो की परावलंबी मोठं माणूस, शंका आली की कुणाला फोन करायचा ते ठरलेलं असतं. प्रत्येक दवाखान्यात एक डॉक्टर त्यासाठी नेमलेला असतो. तुमच्या धाग्यातला मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटला. तुम्हाला शंका आल्यावर पुढचं सगळं एकट्यानं ठरवावं लागतं.

दुसरं, वयाबद्दल. इथे सोळाच्या खालच्या मुलालाही, त्याला समज असेल तर, आईबापाशिवाय सल्ला घेता येतो. १९८५ सालच्या गिलिक खटल्यापासून हे चालत आलंय. त्यामुळे पोराला एकट्याला बोलू द्या म्हटलं तर पालकांना फारसं वावगं वाटत नाही. आपल्याकडे अवघड आहे, माहीत आहे. इथल्याही आपल्या लोकांना अवघडच जातं! चौदा वर्षांच्या मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई देते, आणि दुसऱ्या खोलीतून आजी ते दुरुस्त करते.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. वजन कमी करायची इंजेक्शनं ऑनलाइन फार्मसीतून नुसत्या प्रश्नावलीवर मिळायची. वजनाच्या रकान्यात काय वाटेल ते भरा. खाणं सोडून दिलेल्या, आधीच काडी झालेल्या मुलींच्या हातात ती पडू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये औषधविक्रेत्यांच्या नियामक संस्थेनं सांगितलं की नुसत्या प्रश्नावलीवर विसंबू नका. वजन-उंची स्वतंत्रपणे पडताळा, व्हिडिओवर बघा किंवा जीपीकडून नोंद मागवा. हे आधीच सांगायला हवं होतं, असं माझं मत.

हडसनपार

मी न्यू जर्सीत, आई पुण्यात एकटी. एकटी म्हणजे ब्युरोकडून आलेल्या दोन बाया, दिवसाची आणि रात्रीची. आईला अल्झायमर. डॉक्टरांची ऑनलाइन वेळ असते तेव्हा मी इकडून जोडले जाते, त्यामुळे मला सगळं दिसतं असं वाटायचं.

डॉक्टर विचारतात, "आजी, कशा आहात?" उत्तर बाई देते. "झोप कशी?" बाई. "भूक?" बाई. आई बाईकडे बघत बसते. बाईनं सांगितलं, आजी रात्री उठून फिरतात, दाराची कडी काढतात, आम्हाला झोप नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी पुन्हा तेच, पुन्हा वाढवली. आई दिवसभर पेंगायला लागली. त्या बाईच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही, तीही बिचारी रात्र रात्र जागते. पण आईची तक्रार काय आहे हे त्या सगळ्यात कुणी विचारलंच नाही. शेवटी माझी मावसबहीण प्रत्यक्ष घेऊन गेली तेव्हा कळलं की आईला लघवीचा जंतुसंसर्ग होता. म्हणून ती रात्री उठत होती.

आता मी महिन्याला वजन घेऊन पाठवायला सांगते, गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो मागवते, आणि बाई चहा करायला गेली की डॉक्टरांना आईशी बोलायला सांगते. आई वाक्य पूर्ण करत नाही. पण हो-नाही नीट सांगते.

बालदवाखाना

@हडसनपार, माझा विषय मुलांचा, पण एवढं माहीत आहे की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना शांत करायला देतात त्यातल्या काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २००५ सालीच दिलेला आहे. ही औषधं द्यायचीच नाहीत असं नाही. पण नुसतं सोबतच्या माणसाच्या सांगण्यावरून आणि पडद्यावर बघून डोस वाढवत जाणं मला पटत नाही. म्हातारं माणूस अचानक जास्त भरकटायला लागलं तर आधी ताप, लघवी, बद्धकोष्ठ, नवं औषध हे बघायचं. ते घरी कुणीतरी जाऊनच होतं.

चिमटा

म्हणजे आजींना दोरीनं बांधलं तर गुन्हा, गोळीनं बांधलं तर उपचार.

कलम_कारकून

वकील आहे, पण हा धागा म्हणजे वकिली सल्ला नव्हे, हे आधीच सांगतो.

२०२० च्या तत्त्वांत एक विसंगती आहे, ती बहुतेक डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. पेशंट समोर नसताना त्याच्या वतीनं काळजीवाहकानं सल्ला घ्यायची मुभा दोन प्रकारच्या पेशंटना सरळ दिली आहे. एक, स्वतः बोलू न शकणारे, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश किंवा अपंगत्व असलेले. दुसरं, अज्ञान मूल, आणि तिथे कंसात वय दिलंय सोळा किंवा त्याखालचं. पण सज्ञान होण्याचं वय अठरा. पोक्सोतही मूल म्हणजे अठराखालचं. मग सतरा वर्षांची मुलगी कुठे बसते? एका कलमात मूल, दुसऱ्यात नाही. बाकी काळजीवाहकांकडे पेशंटचं अधिकारपत्र किंवा नात्याचा पडताळलेला पुरावा हवा. आजवर किती ऑनलाइन डॉक्टरांनी तो मागितलाय, ते इथल्या डॉक्टरांनीच सांगावं.

"सोबत मोठं माणूस" याचा अर्थ त्यानं शब्द न् शब्द ऐकायलाच हवा, असं मला त्यात दिसत नाही. सुरुवातीला ओळख, संमती, मग थोडा वेळ बाहेर, शेवटी पुन्हा आत. माझ्या वाचनाप्रमाणे हे बसतं. फक्त तशी नोंद केसपेपरवर करा.

आता शंका आल्यावर काय. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल, किंवा तो होण्याची भीती वाटत असेल, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. डॉक्टर असो, शेजारी असो, कुणीही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सद्‌भावनेनं कळवलं आणि पुढे तसं काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. डॉक्टर नाशिकला आणि मूल लातूरला असलं तरी अडत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर ते कलम १७३ मध्ये लिहूनच दिलंय.

मारहाण, उपासमार, दुर्लक्ष यांचं मात्र तसं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं क्रूरपणे वागवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण प्रत्येक डॉक्टरनं कळवलंच पाहिजे अशी पोक्सोसारखी सक्ती तिथे नाही. म्हणून मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ ला, फोन किंवा जिल्ह्याची बालकल्याण समिती. वृद्धांसाठी १४५६७. अपंग व्यक्तीचा छळ होत असल्याचं कळलं तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत तहसीलदाराला, कळवू शकतो. हे कलम वापरलेलं मी क्वचितच पाहिलंय.

निवांत

मी आता १९ ची आहे. सोळाची असताना मला कुणाशी तरी बोलायचं होतं. घरातल्याच एका माणसाबद्दल होतं, त्यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही. एका ॲपवर समुपदेशक शोधला. वय खरं टाकलं तर म्हणाले पालकांच्या नंबरवर ओटीपी येईल. मी बंद केलं. पुन्हा उघडून वय एकोणीस टाकलं असतं तर लगेच चाललं असतं, कुणी काही विचारलं नसतं. म्हणजे खरं बोललं तर दार बंद.

पुढे कॉलेजच्या मॅडमनी १४४१६ दिला, तो टेलि-मानसचा सरकारी नंबर. मराठीत बोलता आलं. मग मॅडम स्वतः माझ्याबरोबर आल्या.

वर सगळे पालक आणि डॉक्टर बोलताहेत म्हणून लिहिलं.

धागाप्रशासक

निवांत, लिहिल्याबद्दल आभार. सर्वांना विनंती: कुणाची ओळख पटेल असा तपशील (गाव, शाळा, नातं, फोटो) देऊ नका आणि तिला विचारूही नका. असे दोन प्रतिसाद आत्ताच काढले आहेत.

बालदवाखाना

@निवांत, तुझं म्हणणं अगदी वर्मावर आहे. वयाची अट मुलाच्या रक्षणासाठी घातली आणि तीच ओटीपी होऊन तुझ्या घरच्यांच्या मोबाइलवर जाऊन बसली. माझ्या मते समुपदेशनाच्या कुठल्याही ॲपनं, वय अठराखालचं आलं की "पालकांना बोलवा" एवढ्यावर न थांबता त्याच पानावर मोठ्या अक्षरांत १०९८ आणि १४४१६ दाखवायला हवेत. त्याला खर्च काय येतो?

बिट_आणि_बाइट

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदाही यात आहे. अठराखालच्या मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना नेमून जाहिराती दाखवणं बंद. मोडल्यास दोनशे कोटींपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले (ही कलमं लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली आहे), त्यांत दवाखाने आणि आरोग्यसेवा देणाऱ्यांना मुलाच्या प्रकृतीपुरती सूट आहे. म्हणजे निवांतसारख्या मुलीला मदत देताना कायदा आडवा येतो असं सांगणाऱ्या कंपनीला जरा नीट वाचायला सांगा.

मला मात्र फोटोंबद्दल बोलायचंय. डायपरच्या पुरळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, असं डॉक्टर सर्रास सांगतात. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापानं पोराच्या गुप्तांगाच्या सुजेचे फोटो ऑनलाइन तपासणीसाठी काढले. नर्सनंच मागितले होते. फोन आपोआप गूगलच्या साठवणीत प्रती टाकत होता. तिथल्या यंत्रणेनं ते बालअत्याचाराचे फोटो ठरवले, खातं बंद झालं, पोलिसांपर्यंत गेलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही म्हणून सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. मेल, फोटो, फोन नंबर, सगळं गेलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी दिली होती. यंत्रणेचा हेतू चांगला आहे, खरे गुन्हेगारही तिनंच पकडले जातात. पण आपला फोटो कुठे कुठे जाऊन बसतो ते माहीत असू द्या.

बालदवाखाना

महत्त्वाचं. गुप्तांगाचा फोटो मी मागत नाही. व्हिडिओवर आईच्या हातानं क्षणभर बघतो, रेकॉर्डिंग बंद आहे हे आधी सांगतो, आणि तेवढ्यानं कळत नसेल तर प्रत्यक्ष बोलावतो.

सातारी_कंदी

अगं बाई, माझ्या फोनमध्ये असे दहा फोटो असतील. आत्ताच काढून टाकते. डॉक्टरांच्या फोनमधले कोण काढणार?

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहे. तुम्ही सगळे घरच्या मोबाइलवरच्या तपासणीबद्दल बोलताय. आमच्याकडे ई-संजीवनी, म्हणजे सरकारी ऑनलाइन तपासणी, वेगळी चालते. पेशंट आमच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात येतो, मी शेजारी बसते, डॉक्टर टॅबवर असतात. बीपी मी घेते, वजन मी घेते, बाळाला मी उघडं करून बघते. डॉक्टरांना जे दिसत नाही ते मी सांगते. बालदवाखाना म्हणतात ती सिस्टर आणि मावशी, दोन्ही मीच.

नवरा आत घुसून बोलायला लागला की मी त्याला "आभा कार्डाचं काम आहे, बाहेर ताईंकडे थांबा" म्हणून पाठवते. आशाताई त्याला दहा मिनिटं अडकवून ठेवते. पावरी बोलणारी बाई असेल तर दुभाष्या म्हणून नवऱ्याला किंवा सासूला घेत नाही, आशालाच घेते.

पण खरं सांगायचं तर आमचीही गोची आहे. सतरा वर्षांची मुलगी, लग्न झालेलं, पोटुशी. नोंदणीत घरचे वय एकोणीस सांगतात. खरं वय लिहिलं तर कळवावं लागतं, कारण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी संबंध हाही गुन्हाच. कळवलं तर नवरा आत, आणि पुढच्या वेळी त्या पाड्यावरची कुठलीच पोर तपासायला येणार नाही. घरीच बाळंत होईल. न कळवलं तर मी गुन्हेगार. टॅबवरचे डॉक्टर विचारतात, "वय?" मी कागदावर बघते.

कलम_कारकून

@सातपुडा, यावर सरळ उत्तर माझ्याकडे नाही. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी वाट काढली. अज्ञान मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख सांगायची गरज नाही, असं म्हटलं. पण ते गर्भपातापुरतं. बाळंतपणाला नाही.

लीड्सकर

@सातपुडा, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या सहकाऱ्यांना सांगितलं. इथे व्हिडिओ तपासणीत पेशंटच्या बाजूला आरोग्य कर्मचारी बसलेला क्वचितच असतो. हा भाग तुम्ही आमच्याकडून शिकायचा नाही, आम्ही तुमच्याकडून शिकायचा आहे.

मेडिकलवाले दादांसाठी: कोविडमध्ये, जानेवारी २०२१ पासून, इथल्या औषधांच्या दुकानांत एक सोय केली होती. घरात मार खाणारी बाई काउंटरवर येऊन "ॲनी" मागायची. दुकानदारानं तिला आतल्या खोलीत न्यायचं आणि पोलीस किंवा मदतवाहिनीला फोन लावून द्यायचा. स्पेनच्या कॅनरी बेटांवर त्याआधी, मार्च २०२० मध्ये, "मास्क-१९" मागायची पद्धत सुरू झाली होती. त्याच वर्षी कॅनडातून हाताची खूणही आली: तळवा समोर, अंगठा आत दुमडायचा आणि त्यावर चार बोटं मिटायची. व्हिडिओवर न बोलता करता येते.

मेडिकलवाला_सांगली

खूण चांगली आहे, पण आमच्याकडे ती ओळखणार कोण? मला स्वतःला आज कळली. आमच्या केमिस्ट संघटनेच्या बैठकीत सांगून बघतो. आतली खोली मात्र माझ्या दुकानात नाही, दहा बाय बाराचं आहे.

हडसनपार

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा नावाचं केंद्र आहे ना? सेहत संस्थेनं महापालिकेबरोबर सुरू केलेलं, घरातल्या हिंसेच्या बळींसाठी. तिथे ओपीडीतली नर्सच संशय आला की बाईला त्या खोलीकडे पाठवते. ऑनलाइन तपासणीत त्या खोलीची जागा कशानं घ्यायची, हे कुणी ठरवलंय का?

बालदवाखाना

ठरवलेलं नाही. मी ज्या दोन ठिकाणी ऑनलाइन बघतो त्यांच्या डॉक्टरांच्या पानावर लॅब सुचवायचं बटण आहे, औषध मागवायचं आहे, पुढची वेळ द्यायचं आहे. "या पेशंटबद्दल काळजी वाटते" असं बटण नाही. दाबल्यावर कुणीतरी माणूस उचलेल असं एक हवं, अशी लेखी मागणी मी दोन्हीकडे केली. एकाकडून उत्तर आलं की सूचना नोंदवली आहे.

दरम्यान माझ्यापुरता प्रश्नांचा एक कागद करतोय, मराठीत. तपासणीच्या सुरुवातीचे चार प्रश्न आणि शंका आल्यास कुठे फोन करायचा ते. तयार झाला की इथेच टाकतो. वजन लिहायचा रकाना मेडिकलवाले दादांच्या सांगण्यावरून घातलाय, आणि वजन कुठल्या काट्यावर, कधी घेतलं तेही.

सातारी_कंदी

पाळणाघराचाही प्रश्न घाला त्यात. माझं पोरगं सकाळी आठ ते संध्याकाळी सात तिथेच असतं. तुम्ही मला विचारून काय कळणार, दिवसभर तो कुणापाशी असतो ते विचारा.

बालदवाखाना

घातला. पहिल्याच ओळीत.